आमच्या घरातला मोगॅम्बो

मैत्रिणींनो, ‘मोगॅम्बो खुश हुआ’ हे वाक्य तुमच्या घरी शेवटचं कोण आणि कधी म्हणालं, ते जरा आठवून पाहा. भरली वांगी मनासारखी झाली म्हणून नवरोबा म्हणाले असतील. शाळेला अचानक सुटी मिळाली म्हणून चिरंजीव म्हणाले असतील. मी ज्या शाळेत आठवड्यातून चार दिवस शिकवायला जाते, तिथली सातवीची मुलं तर येता-जाता म्हणतात. त्यातल्या बहुतेकांनी ‘मिस्टर इंडिया’ पाहिलेला नाही. तो सिनेमा आला १९८७ साली. हे वाक्य म्हणणारे अमरीश पुरी गेले १२ जानेवारी २००५ ला, म्हणजे या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी आवाज बरोबर घोगरा काढतात, आणि ‘मोगॅम्बो’ नंतर थांबतातही तेवढंच.

मला या वाक्याचं वेड आहे. कुणाला पैठण्यांचं असतं, कुणाला लोणच्याच्या बरण्यांचं, तसंच हे. कोण कुठे कशासाठी म्हणतंय, ते मी कान देऊन ऐकते. हे वेड मला टीव्हीवर सिनेमा पाहून लागलं, पण ते वाढवलं आमच्या सासूबाईंनी. त्यांच्याकडे येतेच. आधी ज्यांना सिनेमा अंधुक आठवत असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते.

गोष्ट सलीम-जावेद यांची, दिग्दर्शन शेखर कपूर यांचं. अनाथ मुलांचा गोतावळा सांभाळणारा अरुण, म्हणजे अनिल कपूर, भाडं आणि वाण्याची उधारी यांत बुडालेला असतो. वडिलांनी लावलेला एक शोध त्याच्या हाती येतो. ते यंत्र मनगटाला बांधलं की माणूस दिसेनासा होतो. दिसतो तो फक्त लाल प्रकाशात. मग हा न दिसणारा माणूस भेसळ करणाऱ्या वाण्याची खोड मोडतो, चोरट्या बड्या लोकांना सोन्याच्या हनुमानाकडून बडवून घेतो. आमच्या सासूबाई म्हणतात की वाण्याच्या प्रसंगाला थिएटरमध्ये बायकांनी जितक्या टाळ्या वाजवल्या, तितक्या श्रीदेवीच्या नाचालाही वाजवल्या नाहीत. रॉकेलची रांग आणि तांदळातले खडे ज्यांनी सोसले होते, त्यांच्या त्या टाळ्या. याच सिनेमात शास्त्रज्ञ झालेले अशोककुमार १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’ मध्ये स्वतःच अदृश्य झाले होते, म्हणजे आपल्याकडचं हे स्वप्न तसं जुनं.

(शास्त्र विचाराल, तर माणूस खरोखरच पूर्ण अदृश्य झाला तर त्याला स्वतःलाही काही दिसणार नाही. प्रकाश डोळ्यांतल्या पडद्यावर अडला तर दिसणार, आणि इथे तर तो आरपार जाणार! आमच्या वर्गातल्या एका मुलीनं हे ऐकून विचारलं, “मग बाई, उपयोग काय?” घरात वावरूनही कुणाला न दिसण्याची कला ज्यांना यंत्राशिवाय साधली आहे, त्यांनी याचं उत्तर द्यावं.)

आणि या सगळ्यांच्या वर, समुद्रातल्या बेटावर, सिंहासनावर बसलेला मोगॅम्बो. सोनेरी केसांचा टोप, जरीकामाचा कोट. त्याला हिंदुस्थान बेचिराख करायचा आहे. त्याच्या शब्दाखातर माणसं तेजाबाच्या कुंडात उड्या मारतात. पण सिनेमा नीट पाहा. हा माणूस स्वतः सहसा काडी इकडची तिकडे करत नाही. इतर लोक धावतात, मार खातात, परत येऊन हात जोडून हकीकत सांगतात. तो ऐकतो. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत श्वास रोखून उभे राहतात. मग तो आपण खुश झाल्याचं जाहीर करतो, आणि दरबाराचा जीव भांड्यात पडतो.

शेखर कपूर यांनी पुढे सांगितलं आहे, की त्यांना या वाक्याबद्दल खात्री वाटत नव्हती. जावेद अख्तर यांनी त्यांची समजूत घातली, की कपिल देवनं षटकार मारला की लोक हे म्हणतील, तीन पत्तीत तीन एक्के आले की हे म्हणतील. तसंच झालं. पण मला नेहमी गंमत वाटते ती ही, की त्यांना क्रिकेटचं मैदान आठवलं, पत्त्यांचा डाव आठवला, ओटा नाही आठवला. बायका हे वाक्य घेऊन कुठे जातील, याचा अंदाज त्या भल्या माणसाला आलेला दिसत नाही.

वाक्य पाहा ना कसं आहे. ‘मी खूश झालो’ असं तो म्हणत नाही. स्वतःचं नाव घेतो, जणू दुसऱ्या कुणाची बातमी सांगतोय. व्याकरणात आपण याला तृतीय पुरुष म्हणतो. असं बोलायचा मान राजेलोकांचा, नाहीतर तान्ह्या मुलांचा: “बाळाला भूक लागली.” मराठीत ‘मोगॅम्बो खूश झाला’ म्हणून बघा, सगळी हवा जाते. (लिहिताना मराठीतला ‘खूश’ दीर्घ, पण मोगॅम्बोचा मात्र हिंदीतला ऱ्हस्वच ठेवावा. सवयीनं लाल पेन उचललं होतं, म्हणून सांगितलं.)

अमरीश पुरी यांच्याबद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागातल्या बायकांना त्या जवळच्या वाटतील. हा माणूस वीस वर्षांहून जास्त काळ ई. एस. आय. महामंडळात नोकरीला होता. हो, तेच ई. एस. आय., ज्याचं कार्ड आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतं, आणि ज्याचं रुग्णालय मोहननगरला आहे. दिवसा फायली, संध्याकाळी सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटकाच्या तालमी. तिथल्या नोकरीतच त्यांची ऊर्मिला दिवेकर यांच्याशी ओळख झाली आणि १९५७ साली लग्न झालं. तेव्हा मोगॅम्बो हा आपला, महाराष्ट्राचा जावई, बरं का! ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९७१ च्या मराठी चित्रपटात ते होते. सिनेमानं त्यांना फार उशिरा जवळ केलं. मोगॅम्बो पडद्यावर आला तेव्हा त्यांना पंचावन्नावं वर्ष चालू होतं, आणि त्या सोनेरी टोपाखाली तुळतुळीत डोकं होतं. १९८४ च्या इंडियाना जोन्सच्या इंग्रजी सिनेमासाठी त्यांनी ते गुळगुळीत केलं होतं.

पण मोगॅम्बोच्या दहा वर्षं आधी त्यांनी आणखी एक माणूस रंगवला, आणि मला विचाराल तर तो जास्त भयंकर आहे. १९७७ चा ‘भूमिका’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. श्याम बेनेगल यांचा, हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ वरून केलेला. त्यात स्मिता पाटील नटीचं आयुष्य सोडून विनायक काळे या श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात येते. काळे म्हणजे अमरीश पुरी. आवाज चढवत नाही, मारझोड नाही. घरात दूध-तूप, दागदागिने, मान. पण जवळच्या जत्रेला मुलाला घेऊन जायचं म्हणते, तेव्हा तिला कळतं की या घरातल्या बायका उंबरठा ओलांडत नाहीत. तिथे ‘काळे खुश हुआ’ असं कुणी ओरडत नाही, कारण तशी गरजच नाही. सगळं घर न सांगता त्याच्या मर्जीनं चालतं. मोगॅम्बोला निदान क्षेपणास्त्रं लागली.

तर आता आमच्या सासूबाई. सासरे इथे दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमध्ये होते. एस. टी. च्या गाड्यांची बॉडी जिथे बांधतात, तिथे पत्र्याच्या कामावर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कधी हात उगारला नाही, व्यसन नाही, पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हाती. पण जेवण चांगलं झालं असेल तर बोलायचं नाही, आणि मीठ कमी-जास्त झालं तर ताट दोन बोटांनी पुढे सरकवायचं. बस्स, तेवढंच. ती दोन बोटं सरकतात की नाही, हे कळेपर्यंत सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या. हातात गरम पोळी, आणि नजर ताटावर.

१९८७ साली शेजारपाजारच्या सात-आठ जणी लोकलनं पिंपरीला दुपारच्या खेळाला गेल्या. दापोडीनंतर कासारवाडी, मग पिंपरीच, पण त्यांना ते काशीयात्रेसारखं. आमचे हे तेव्हा दोन वर्षांचे, मांडीवर झोपलेले. सिनेमा सुटल्यावर परत येताना गाडीत पहिल्यांदा कोण म्हणालं, यावर अजून वाद आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर हंडे लावून झाले, आणि एकीनं दुसरीला विचारलं, “काय गं, तुझा मोगॅम्बो काल रात्री खुश झाला का?”

झालं. पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी नळावर हाच प्रश्न. कुणाचा मोगॅम्बो पगार उशिरा झाला म्हणून तापलेला, कुणाचा बहिणीचं पत्र आलं म्हणून खुश, कुणाचा रात्रपाळी करून येऊन झोपलेला, “म्हणून आमच्या बेटावर आज शांतता.” एकीच्या घरी मोगॅम्बो म्हणजे सासू होती. तिला ‘मोगॅम्बीण’ असं नाव पडलं. पुरुषांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, बायका सिनेमाच्या गप्पा मारतायत.

सासूबाई हे सांगतात तेव्हा मला वाटतं, सिनेमाच्या लेखकांनी लिहिलं ते एक वाक्य, आणि आमच्या नळावर झालं ते दुसरंच. शब्द तेच. पण दरबारातल्या माणसांनी एकमेकांकडे बघून डोळा मारला, की मोगॅम्बोचा मोगॅम्बो राहत नाही. बाकी काही बदललं नसेल. पोळ्या तेवढ्याच लाटायच्या, हंडे तेवढेच भरायचे. पण दारात उभं राहून दोन बोटांकडे बघताना पोटात येणारा गोळा कमी झाला. “आतल्या आत हसू यायचं गं,” सासूबाई म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, यात एवढं काय? संसार काय शाबासकीसाठी करायचा असतो? खरं आहे. मी शाबासकीबद्दल बोलत नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. घरात एखादी गोष्ट चांगली झाली, हे ठरवायचं कोणी? आपण सकाळी सहापासून राबून जे केलं, ते जमलं की बिघडलं, हे आपल्याला शेवटी कळतं, आणि तेही दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून.

आठवून पाहा, आपल्याला शिकवलंय काय? नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. त्यामागची भावना मला मान्य आहे, आमच्या घरी सणावारी मीही पाळते. पण सणावाराचा नियम रोजच्या वरणभाताला लागू झाला तो झालाच. वासावरून मीठ ओळखणाऱ्या, उकळीच्या आवाजावरून आमटी जमली की नाही ते सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. केवढं हे ज्ञान! आणि ते असलेली बाई सगळ्यात शेवटी, गार झालेलं, उरलेलं जेवते. तिची आमटी कशी झाली होती, हे तिला खरं तर कधी कळलेलंच नसतं. गरम असताना तिनं ती खाल्लेलीच नाही.

म्हणून या वेळचं घरगुती सांगणं एवढंच. सणाच्या दिवशी नैवेद्याचं ताट आधी वाढून घ्या, दाखवा, आणि मग पंगत बसायच्या आधी वाटीभर गरम आमटी उभ्या उभ्या का होईना, स्वतः प्या. चकलीचा पहिला घाणा निघाला की त्यातली एक मोडून तोंडात टाका. मोहन कमी पडलं असेल तर तेव्हाच कळेल, दोन किलो भाजणीच्या चकल्या कडक झाल्यावर नव्हे. रोजच्या जेवणात मात्र ताट पुढे ठेवून “कसं झालंय?” हा प्रश्न विचारायचं एक आठवडा बंद करून बघा. त्याऐवजी वाढतानाच म्हणा, “आज आमटी छान जमलीय.” पहिले दोन दिवस जीभ अडखळते, हे सांगून ठेवते. लहानपणापासून ‘आपलीच आपण तारीफ करू नये’ हे ऐकलेलं असतं. पण ही तारीफ नव्हे, माहिती आहे. गवंडी भिंत ओळंब्यात आली की नाही हे स्वतः बघतो, घरमालकाच्या तोंडाकडे बघत नाही.

आणि हो, मोगॅम्बोचा टोप नेहमी पुरुषाच्याच डोक्यावर असतो असंही समजू नका. माझ्याकडे वही तपासायला आणणारी मुलं वहीकडे बघतच नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघतात. आमची चौथीतली कन्या परवा चित्र काढून घेऊन आली, मी भाजी चिरत होते. तिनं चित्र पुढे धरलं आणि अगदी बाबांच्या आवाजात विचारलं, “मोगॅम्बो खुश?” मी चित्र बघायच्या आधी तिला विचारलं, “तुला आवडलं का?” ती विचारात पडली. म्हणाली, “झाड आवडलं. घर नाही आवडलं.” आणि जाऊन घर पुसून परत काढायला लागली. मला तर दोन्ही आवडलं होतं.

सासूबाईंची खरी गोष्ट अजून राहिलीच. सासरे निवृत्त झाल्यानंतरची एक संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकू. तरुण मुलींनी हट्ट धरला, काकूंनी नाव घेतलंच पाहिजे. सासूबाई दोनदा ‘नको’ म्हणाल्या. मग उठल्या, पदर सारखा केला, आणि घेतलं. पण कुणाचं? स्वतःचं. तेही माहेरचं, जे आमच्यापैकी निम्म्या जणींना माहीतच नव्हतं. आणि पुढे, पुरींच्या थाटात थांबून, “खुश हुई!”

क्षणभर सगळ्या गप्प. मग असा हशा पिकला की बाहेरच्या खोलीतून नातवंडं धावत आली. एक वयस्कर बाई मात्र रागावल्या. म्हणाल्या, “हे काय भलतंच! उखाणा असा घेतात होय?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “चाळीस वर्षं यांचं नाव घेतलं, चांगलं मनापासून घेतलं. यंदा तिळाच्या वड्या मी थापायच्या आधी खाऊन पाहिल्या. गूळ बरोबर पाकात आला होता. मग कोण खुश झालं ते सांगायला नको?”

त्या बाईंनी जाताना वड्या मात्र दोन जास्त मागून घेतल्या.

रात्री जेवताना सासऱ्यांनी विचारलं, एवढं हसायला काय झालं होतं. सासूबाईंनी सांगून टाकलं. नळापासून सगळं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. “म्हणजे त्या सगळ्या मला...?” “सगळ्या,” सासूबाई म्हणाल्या, “आणि त्यांच्याही नवऱ्यांना. तुम्ही एकटे नव्हता.” यावर ते काही बोलले नाहीत. दोन दिवस घरात जरा अवघडलेपण होतं. मला वाटलं, आता हे वाक्य घरातून हद्दपार होणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आमटीची वाटी उचलली, एक घोट घेतला, खाली ठेवली, घसा खाकरला आणि म्हणाले, “हिंग बरा लागतोय.”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात नव्हत्या. त्या दिवसापासून त्या त्यांच्याबरोबरच पान मांडून बसतात. “मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, आणि भात कालवायला लागल्या.

तुमच्या नळावर, गॅलरीत, लोकलच्या डब्यात हे वाक्य कशासाठी वापरतात, ते मला जरूर कळवा. ‘मोगॅम्बीण’सारखा आणखी एखादा शब्द कुणी काढला असेल, तर तोही. आमचे सासरे हल्ली आठवड्यातून एकदा तरी जेवणाबद्दल काहीतरी बोलतात. परवा ‘ठीक’ वरून ‘बरं’ वर आले आहेत.